कबड्डीतील सामनापूर्व डावपेच-चर्चा

कबड्डीतील सामनापूर्व डावपेच-चर्चा म्हणजे सामना सुरू होण्यापूर्वी प्रेक्षक, माजी खेळाडू आणि स्थानिक जाणकार यांच्यात संघरचना, चढाया, पकडी व संभाव्य निकाल यांविषयी होणारी चर्चा होय. महाराष्ट्रात कबड्डी हा गाव, तालुका व जिल्हा यांच्या निष्ठेशी जोडलेला खेळ असल्यामुळे अजिंक्यपदाच्या किंवा अंतिम सामन्यापूर्वी अशी चर्चा मैदानाभोवती, पारावर, चहाच्या टपरीवर आणि क्रीडामंडळांत सर्वत्र आढळते. प्रो कबड्डी लीगच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणानंतर या चर्चेत आकडेवारीची आणि नव्या परिभाषेची भर पडली.

या चर्चेचा गाभा बळापेक्षा संख्येच्या गणितात असतो. मैदानावर किती खेळाडू उरले आहेत, गुणांचा फरक किती आहे आणि वेळ किती शिल्लक आहे, यांवर एकाच चढाईचे किंवा पकडीचे मोल बदलते. त्यामुळे ‘कोणता संघ ताकदवान’ या प्रश्नापेक्षा ‘कोणता संघ कोणत्या स्थितीत कसा खेळेल’ हा प्रश्न जाणकारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी प्रामुख्याने हुतुतू या नावाने ओळखला जाई. संजीवनी, गामिनी व अमर असे त्याचे निरनिराळे प्रकार प्रचलित होते. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा खेळाडू बाद झाला की आपला बाद झालेला खेळाडू पुन्हा मैदानात येतो. गामिनी प्रकारात बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमर प्रकारात खेळाडू बाद झाला तरी मैदानातच राहतो व प्रतिपक्षाला केवळ गुण मिळतो. आजची प्रमाण कबड्डी संजीवनी प्रकारावर आधारलेली आहे. ‘कोण कधी परत येईल’ हा प्रश्न डावपेचांच्या मध्यभागी येण्याचे कारण हेच आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व बडोद्यात या खेळाचे नियम निश्चित करण्याचे प्रयत्न झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, त्यांत कबड्डीचा समावेश होता. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ आणि १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. खेळाच्या संघटनेत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा मोठा असून त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. महिलांच्या कबड्डीचा समावेश २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत झाला. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली.

चर्चेस आधारभूत नियम

सामन्याविषयीचा कोणताही अंदाज पुढील नियमांच्या चौकटीत बांधला जातो.

मैदान: पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, तर महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची राखीव पट्टी म्हणजे लॉबी असते. चढाईपटू व बचावपटू यांचा स्पर्श झाल्यावरच लॉबी खेळात धरली जाते.

निदान रेषा व बोनस रेषा: पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटर, तर महिलांच्या मैदानात ३ मीटर अंतरावर असते. स्पर्श न झाल्यास चढाईपटूला ती ओलांडावीच लागते. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच बोनस गुण मिळतो.

चढाई: एका चढाईस ३० सेकंदांची मर्यादा असते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे बंधनकारक ठरते, अन्यथा चढाईपटू बाद होतो.

अव्वल चढाई व अव्वल पकड: एकाच चढाईत तीन किंवा अधिक गुण मिळाल्यास तिला अव्वल चढाई म्हणतात. बचाव करणाऱ्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी खेळाडू मैदानात असताना त्यांनी पकड केल्यास एक अतिरिक्त गुण मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात.

लोण: प्रतिपक्षाचे सर्व खेळाडू बाद केल्यास दोन अतिरिक्त गुण मिळतात व प्रतिपक्षाचे सातही खेळाडू पुन्हा मैदानात येतात.

पुनरागमन: प्रतिपक्षाचा एक खेळाडू बाद झाला की आपला एक खेळाडू परत येतो. खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. बोनस गुणामुळे मात्र कोणीही परत येत नाही.

चर्चेचे प्रमुख विषय

चढाईपटूंची पारख

पहिला प्रश्न सहसा मुख्य चढाईपटूविषयी असतो. तो उजव्या बाजूने चढाई करतो की डाव्या, हाताने स्पर्श करतो की पायाने, बोनसवर भर देतो की गडी टिपण्यावर, याची चर्चा होते. उजवीकडून खेळणाऱ्या चढाईपटूची गाठ प्रतिपक्षाच्या एका ठरावीक कोपऱ्याशी वारंवार पडते. म्हणून ‘याचा सामना त्यांच्या कोणत्या कोपरारक्षकाशी’ हे आधी पाहिले जाते. उंच चढाईपटूचा हात लांब पोहोचतो, परंतु त्याच्या घोट्यावर झेप घेणे बचावपटूला तुलनेने सोपे जाते. बुटका व चपळ चढाईपटू साखळीखालून निसटू शकतो.

दुसऱ्या व तिसऱ्या चढाईपटूकडे नवखे प्रेक्षक दुर्लक्ष करतात. मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला असताना त्याला परत आणण्याची जबाबदारी याच दोघांवर असते. एखादा संघ एकाच चढाईपटूवर अवलंबून असेल, तर त्याला लवकर बाद करून अधिकाधिक वेळ बाहेर ठेवणे हा प्रतिपक्षाचा उघड डाव असतो. अशा वेळी पकड करण्याइतकेच महत्त्व स्वतःचा गडी न गमावण्याला येते, कारण आपला एक गडी बाद होताच बाहेर बसलेला चढाईपटू परत येऊ शकतो.

बचावाची रचना

बचावात दोन कोपरे, त्यांच्या आतील जागा, दोन्ही बाजूंचे मध्यरक्षक आणि मध्यभागी उभा राहणारा खेळाडू अशी मांडणी असते. कोपरारक्षक प्रामुख्याने घोटा पकड व मांडी पकड करतात. मध्यरक्षक धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलतात किंवा परतीची वाट अडवतात. शेजारच्या दोघांनी हात धरून केलेल्या पकडीला साखळी पकड म्हणतात. कोपरारक्षकाने घाई करून झेप घेतली आणि मध्यरक्षक मदतीस पोहोचला नाही, तर एका चुकीत दोन किंवा तीन गडी बाद होतात. म्हणून बचावाविषयीच्या चर्चेत वैयक्तिक कौशल्याइतकाच ‘हे सात जण किती दिवस एकत्र खेळत आहेत’ हा प्रश्न येतो.

महिलांच्या सामन्यात मैदानाची रुंदी ८ मीटर असल्याने तेवढ्याच बचावपटूंना कमी जागा राखावी लागते. चढाईपटूला वळण्यास जागा कमी मिळते, मात्र निदान रेषाही जवळ असते. पुरुषांच्या सामन्यातील अंदाज महिलांच्या सामन्याला जसाच्या तसा लावणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

संख्येचे गणित

डावपेचांचा खरा कस गुणफलक व उरलेले गडी यांचा एकत्रित विचार करताना लागतो. उदाहरणार्थ, एक संघ २४–२१ असा आघाडीवर आहे, चार मिनिटे शिल्लक आहेत आणि प्रतिपक्षाचे दोनच खेळाडू मैदानात आहेत, असे मानू. लोण चढवून सामना संपवावा, असे बहुतेकांना प्रथमदर्शनी वाटते. एका चढाईत दोघेही बाद झाले, तर स्पर्शाचे दोन व लोणाचे दोन मिळून गुणसंख्या २८–२१ होते. चढाईपटूची पकड झाली, तर ती अव्वल पकड ठरते, प्रतिपक्षास दोन गुण मिळतात, फरक २४–२३ असा केवळ एका गुणाचा उरतो आणि त्यांचा एक खेळाडूही परत येतो.

लोण चढल्यावर प्रतिपक्षाचे सातही खेळाडू परत येतात, म्हणजे बाहेर बसलेला त्यांचा मुख्य चढाईपटूही परत येतो. त्यामुळे काही वेळा आघाडीवरील संघ लोण लांबवून वेळ घालवणे पसंत करतो. प्रत्येक चढाईस पूर्ण ३० सेकंद लागले, तर चार मिनिटांत दोन्ही संघांच्या मिळून आठ, म्हणजे प्रत्येकी चार चढाया होतात. त्यांपैकी पहिल्या दोन रिकाम्या घालवता येतात, परंतु तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. तिसऱ्या चढाईच्या नियमामुळे निव्वळ वेळकाढूपणाला मर्यादा पडली आहे. आघाडीवरील संघाने ही सक्तीची चढाई कोणाकडे द्यावी, हा सामनापूर्व चर्चेतील एक नेहमीचा वादविषय असतो.

पिछाडीवरील संघाच्या बाजूने पाहिले, तर तीन खेळाडू उरलेली स्थिती पूर्णतः दुर्बल नसते. त्या स्थितीत प्रत्येक पकडीचे मोल दुप्पट होते. जिद्दीच्या कोपरारक्षकांची जोडी असलेला संघ अशा वेळी उलटफेर करू शकतो.

नाणेफेक व मध्यंतर

नाणेफेक जिंकणारा संघ पहिली चढाई किंवा मैदानाची बाजू निवडतो. उघड्या मैदानावर दुपारचे ऊन, वारा आणि जमिनीचा उंचसखलपणा यांमुळे बाजूच्या निवडीला महत्त्व येते. बंदिस्त क्रीडागृहात हा मुद्दा जवळजवळ निरर्थक ठरतो. पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांच्या दोन सत्रांमध्ये पाच मिनिटांचे मध्यंतर असते. पहिल्या सत्रातील चुका मध्यंतरानंतर कोणता संघ सुधारतो, यावर प्रशिक्षकाची पारख केली जाते.

माती आणि मॅट

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक स्पर्धा आजही मातीच्या मैदानावर होतात, तर राष्ट्रीय व व्यावसायिक सामने मॅटवर खेळले जातात. मातीवर खेळाडू अनवाणी उतरतात आणि रेषा फक्कीने आखलेल्या असतात. मॅटवर विशिष्ट बूट वापरले जातात. मॅटवर पायाला घट्ट आधार मिळतो, त्यामुळे झटकन दिशा बदलणे व झेप घेणे शक्य होते. मातीवर पाय घसरतो, परंतु मातीत वाढलेला खेळाडू त्या घसरणीचाच उपयोग पकडीतून निसटण्यासाठी करतो.

यामुळे मातीवरील कीर्ती मॅटवर टिकेलच असे नसते. गावच्या स्पर्धांत नाव कमावलेला खेळाडू जिल्हा किंवा राज्य निवड चाचणीत प्रथमच मॅटवर उतरतो, तेव्हा त्याचे बळ तेच असले तरी पदन्यास बदलावा लागतो. सरावासाठी मॅट उपलब्ध असलेल्या मंडळांच्या खेळाडूंना येथे स्पष्ट लाभ मिळतो. निवड चाचणीतून राज्य संघात स्थान मिळत असल्याने आणि क्रीडा कोट्यातील नोकरीसाठी अशी कामगिरी उपयोगी पडत असल्याने हा फरक अनेक ग्रामीण खेळाडूंच्या भवितव्याशी निगडित आहे.

मातीच्या मैदानावर बोनस रेषेवरील पाय किंवा ओझरता स्पर्श याचा निर्णय पंच व रेषापंच यांच्या नजरेवर अवलंबून असतो. व्यावसायिक स्पर्धेप्रमाणे चित्रफीत पाहून दाद मागण्याची सोय तेथे नसते. म्हणून गावपातळीवरील जाणकार सूक्ष्म स्पर्शावर भिस्त ठेवणाऱ्या चढाईपटूपेक्षा ठळकपणे गडी टिपणाऱ्या चढाईपटूला अधिक भरवशाचा मानतात.

वऱ्हाडातील स्वरूप

वाशिम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात असलेले शेलूबाजार हे नागपूर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील बाजाराचे गाव आहे. समृद्धी महामार्गावरही येथे चढ-उताराची सोय आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सोयाबीन व तूर ही या भागातील प्रमुख पिके होत. वऱ्हाडातील अशा बाजारगावांत आसपासच्या खेड्यांतील लोकांची नियमित ये-जा असल्याने खेळाडूंविषयीची माहिती व मतेही बाजाराच्या वाटेनेच एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचतात.

विदर्भातील ग्रामीण स्पर्धा बहुधा खरिपाची कामे उरकल्यावर, हिवाळ्यात किंवा यात्रा-उत्सवांच्या निमित्ताने भरतात. खुल्या गटाबरोबरच वजनगटाच्या स्पर्धाही येथे लोकप्रिय आहेत. वजनगटामुळे चर्चेचे स्वरूप बदलते. दोन्ही संघांचे वजन जवळजवळ सारखे असल्याने निव्वळ अंगबळाचा मुद्दा मागे पडतो आणि चपळाई, दम व एकजूट यांना महत्त्व येते. बाहेरगावचा नामांकित खेळाडू एखाद्या संघाकडून उतरणार काय, हा अशा स्पर्धांपूर्वीचा सर्वांत उत्सुकतेचा प्रश्न असतो. असा खेळाडू गुण मिळवून देतो, परंतु संघातील इतरांशी त्याचा सराव झालेला नसतो. त्यामुळे तो चढाईत उपयुक्त व बचावात अडचणीचा ठरू शकतो.

शालेय पातळीवर १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा क्रमाने होतात. वाशिम जिल्ह्याचे संघ अमरावती विभागातून खेळतात. महाविद्यालयीन खेळाडूंना संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची वाट उपलब्ध असते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून स्वतंत्रपणे उतरत असल्याने वऱ्हाडातील प्रेक्षकांची निष्ठा काही वेळा दोन संघांत विभागली जाते.

अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल

सामनापूर्व अंदाजांचे बळ व त्यांच्या मर्यादा पुढील सामन्यांत स्पष्ट दिसतात.

विश्वचषक, २०१६: अहमदाबाद येथील उद्‌घाटनाच्या सामन्यात यजमान भारत दक्षिण कोरियाकडून ३२–३४ असा पराभूत झाला. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतरास इराण आघाडीवर होता, परंतु अजय ठाकूरच्या चढायांच्या जोरावर भारताने ३८–२९ असा विजय मिळवला. मध्यंतराच्या गुणफलकावरून निकाल गृहीत धरू नये, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

राष्ट्रीय अजिंक्यपद, हैदराबाद, जानेवारी २०१८: पुरुषांच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने सेनादलाचा ३४–२९ असा पराभव केला. रिशांक देवाडिगा हा महाराष्ट्राचा कर्णधार होता. सेनादल व रेल्वे यांचे खेळाडू वर्षभर एकत्र सराव करतात, तर राज्य संघातील खेळाडू निरनिराळ्या आस्थापनांतून एकत्र येतात. या कारणाने राज्य संघांना सहसा कमी लेखले जाते.

प्रो कबड्डी लीग, २०१५: पहिल्या हंगामात उपविजेता राहिलेल्या यू मुंबा संघाने दुसऱ्या हंगामाच्या अंतिम सामन्यात बंगळूरु बुल्सला ३६–३० असे हरवले. कर्णधार अनुप कुमारचा संयमी खेळ आणि मोहित छिल्लर व सुरेंदर नाडा ही कोपरारक्षकांची जोडी या संघाची ओळख होती.

प्रो कबड्डी लीग, २०२४: १ मार्च रोजी हैदराबाद येथे पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. अस्लम इनामदार हा पलटणचा कर्णधार होता. दोन भक्कम बचावफळ्यांच्या सामन्यात गुणसंख्या कमी राहते, हा अंदाज येथे खरा ठरला.

आशियाई क्रीडा स्पर्धा, हांगझोऊ, २०२३: ७ ऑक्टोबर रोजी भारत व इराण यांच्यातील पुरुषांचा अंतिम सामना २८–२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद झाला. तो स्पर्शाविना लॉबीत गेला व त्याच्या पाठोपाठ इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. अशा स्थितीत कोणाला बाद ठरवावे, यावरून खेळ दीर्घकाळ थांबला. अखेरीस भारताने ३३–२९ असा विजय मिळवला. सामन्यात कोणती नियमावली लागू आहे, हे डावपेचांइतकेच महत्त्वाचे असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

मर्यादा

सामनापूर्व चर्चेत काही दोष वारंवार आढळतात. चढाईपटूचे एकूण गुण सर्वांच्या लक्षात राहतात, परंतु ते मिळवण्यासाठी त्याने किती चढाया केल्या व तो किती वेळा पकडला गेला, हे विसरले जाते. पकडीच्या चित्तथरारक क्षणांमुळे त्या बचावपटूने अन्यत्र गमावलेले गुण झाकले जातात. आपल्या गावच्या किंवा जिल्ह्याच्या खेळाडूविषयीची आत्मीयता पारख बोथट करते. गुडघा, घोटा व खांदा यांच्या दुखापती संघ शक्यतो उघड करत नाहीत, त्यामुळे बाहेरून बांधलेला अंदाज अपुरा राहतो. ग्रामीण स्पर्धांत तिसऱ्या चढाईचा किंवा अव्वल पकडीचा नियम लागू आहे की नाही, हे आयोजकांनी ठरवलेल्या नियमांवर अवलंबून असते. तो आधी जाणून न घेता केलेले गणित पूर्णतः चुकू शकते.

अन्य खेळांशी तुलना

आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल या खेळात अशीच परंपरा आढळते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनच्या अखत्यारीतील हा खेळ हौशी स्वरूपाचा असून खेळाडू आपापल्या परगण्याकडून खेळतात. अखिल आयर्लंड अजिंक्यपदापूर्वी तेथील प्रेक्षक संघरचनेवर सविस्तर चर्चा करतात. या खेळात गोलास तीन गुण व दांड्यावरून मारलेल्या चेंडूस एक गुण मिळतो. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा चेंडूस दोन गुण देण्यात येऊ लागले. बोनस व तिसरी चढाई यांनी कबड्डीतील चर्चेला जसे नवे विषय दिले, तसाच परिणाम तेथेही घडला. महाराष्ट्रातील खो-खो व कुस्ती या खेळांतही सामनापूर्व चर्चा होते. कुस्तीत ती दोन मल्लांच्या जोडीपुरती, तर कबड्डीत सात जणांच्या परस्परसंबंधांविषयी असते.

हे सुद्धा पाहा

कबड्डी
खो-खो
प्रो कबड्डी लीग
बुवा साळवी
हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ
वाशिम जिल्हा